इंग्रजीत तशी पद्धत असते

बारामतीत जळोचीच्या रस्त्याला एका खताच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने घेऊन मी सव्वीस वर्षं इंग्रजीचे क्लास चालवले. आठवड्यातले दोन दिवस इंदापूरला जाऊन तिथेही शिकवलं. गेल्या मे महिन्यात दोन्हीकडचे फळे पुसले, बाकं गावच्या वाचनालयाला देऊन टाकली आणि घरी बसलो. एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "सर, क्लासमधल्या गमतीजमती लिहा, दिवाळीला लोकांना हलकंफुलकं आवडतं." गमती आहेत, पोतंभर आहेत. सुरुवात त्यांच्यापासूनच करतो. पण लिहायला बसल्यापासून एकच गोष्ट सारखी आडवी येते आहे आणि ती हलकीही नाही, फुलकीही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचा धंदा व्याकरणाचा, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तो खरं तर भीतीचा धंदा आहे. उसात बिबट्या शिरला म्हटल्यावर काठी घेऊन धावणारी आमची पोरं, इंग्रजीतला साधा फॉर्म समोर आला की घामाघूम होतात. पोरगं वही पुढे करून विचारतं, "सर, हितं हॅज यील का हॅव?" उत्तर अर्ध्या मिनिटाचं असतं. पण ते उत्तर ऐकत नसतं, तुमच्या तोंडाकडे बघत असतं. मास्तर हसतोय का, एवढंच त्याला बघायचं असतं. म्हणून मी पहिल्या दिवसापासून एक नियम केला होता, शंकेला हसायचं नाही. शंका कितीही येडपट असो, तोंड सरळ ठेवायचं. हा नियम मी सव्वीस वर्षं पाळला आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. अभिमान वाटावा अशा गोष्टी फार नाहीत, म्हणून ही आधी सांगून घेतली.

रविवारची सकाळ शंकांची. त्या दिवशी कुणीही यावं, क्लासचा विद्यार्थी असो वा नसो. शाळेच्या पोरांबरोबर मोठी माणसंही यायची. एक द्राक्षबागायतदार फवारणीच्या औषधाचा कागद घेऊन आले, म्हणाले, "ह्यात काय लिवलंय त्ये सांगा, मागच्या खेपंला अंदाजानं मारलं तर पानं करपली." एक पोलीस हवालदार खात्याच्या परीक्षेसाठी शब्द पाठ करायला यायचे आणि दर रविवारी दहा शब्द दिले की सात विसरून यायचे. पण सर्वांत लक्षात राहिलेलं गिऱ्हाईक म्हणजे सांगवीचा एक नवरदेव. पाणी-जमीन सगळं चोख, गडी दिसायला देखणा, पण मुलगी पुण्यात इंजिनिअर. तो म्हणाला, "सर, बघायला चाललोय. दहा वाक्यं द्या. पोरीचा बाप इंग्रजीत बोलला तर आपली बाजू पडायला नको." मी दहा वाक्यं लिहून दिली. आठ दिवसांनी पेढे घेऊन आला. मी विचारलं, वाक्यं उपयोगी पडली का? तो म्हणाला, "कुठलं सर! त्यो बाप शेवटपर्यंत मराठीतच बोलला. पण पाठ केलेलं वाया घालवायचं जिवावर आलं. निघताना चपला घालता घालता दहाच्या दहा म्हणून टाकली." मुलगी खदखदून हसली म्हणे, आणि तिथेच होकार दिला.

त्या दहा वाक्यांतच माझ्या धंद्याचं सगळं गुपित आहे. मी लोकांना इंग्रजी शिकवत होतो त्याहून जास्त वाक्यं वाटत होतो. त्यांना आम्ही साचे म्हणायचो. निबंधाचा साचा, पत्राचा साचा, रजेच्या अर्जाचा साचा, मुलाखतीत स्वतःची ओळख करून देण्याचा साचा. माझे साचे इतके नावाजलेले होते की इतर क्लासचे मास्तर पोरांना पाठवून ते पळवायचे. त्यात विद्यार्थ्याने फक्त स्वतःचं नाव आणि गाव भरायचं. बाकी सगळं माझं, घोटून पाठ केलेलं, कुठेही काना-मात्रा इकडचा तिकडे नाही. गुण पडायचे, पालक खूश व्हायचे, दुसऱ्या वर्षी त्यांचे भाचे-पुतणे यायचे.

साच्याचा धोका मला कळायला हवा होता, कारण एकदा त्याने मला हात दाखवला होता. माझ्या क्लासच्या एका मुलाचे आजोबा वारले. पोराने शाळेत रजेचा इंग्रजी अर्ज दिला की, मला काल संध्याकाळपासून ताप आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांचा मला फोन, "अहो सर, ह्याच्या दारात मयत आणि हा म्हणतो ताप आहे!" मी पोराला बोलावून विचारलं तर तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "सर, तुमी तापाचाच अर्ज दिल्ता. आजा मेल्याचा दिलाच न्हाय." ही गोष्ट मी कित्येक समारंभांत सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी टाळ्या-हशा घेतला आहे. त्या पोराला आपलं दुःख बाजूला ठेवून माझा ताप लिहावासा वाटला, ह्यात हसण्यासारखं काय होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

आता सलमाबद्दल सांगतो.

सलमा मुलाणी अंथुर्ण्याची. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं हे गाव, ऊसवाल्यांचं. तिच्या वडिलांचं, हसनभाईंचं, रस्त्याकडेला मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची किंवा बोअरची मोटार जळली की आतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरावी लागते, त्याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. त्या घराला जमीन नव्हती, पण दहा कोसांतल्या जमिनींचं पाणी त्यांच्या हातावर चालायचं. सलमा माझ्या इंदापूरच्या क्लासला यायची. शेवटच्या बाकावर बसायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. मी तिला मनातल्या मनात 'मुकी' म्हणायचो, एकदा तर उघडही म्हणालो होतो. ती खाली बघून हसली होती.

तिच्या बारावीच्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेने शिष्यवृत्ती जाहीर केली. तांत्रिक शिक्षण घेऊ पाहणाऱ्या ग्रामीण मुलींना दोन वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं संस्थेकडून. आधी लेखी परीक्षा, मग बारामतीत मुलाखत, आणि मुलाखतीत इंग्रजीतून आपली ओळख करून द्यायची. लेखी परीक्षेतून माझ्या दोन्ही क्लासच्या मिळून सोळा मुली निवडल्या गेल्या. सोळा! मी हवेतच होतो. त्या सोळांमध्ये सलमाचे गुण सगळ्यांत जास्त होते. हसनभाई क्लासवर येऊन म्हणाले, "सर, मला तर काय कळत न्हाय. पोरगी तुमच्या हवाली. तिचं ह्यातच कल्याण हाय, न्हायतर हितंच माज्यासंगं तार वडत बसंल."

सोळाही जणींना मी सांगितलं, आधी आपली ओळख आपल्या मनाने लिहून आणा. ही माझी पद्धतच होती. त्यांनी लिहायचं, मी लाल पेनाने दुरुस्त करायचं, आणि शेवटी माझा साचा द्यायचा. खरं सांगायचं तर ते लिहून आणायला सांगणं म्हणजे नुसतं नाटक होतं. आपलं किती चुकतं हे पोरांना दिसलं की साच्याची किंमत कळते, एवढाच त्यामागचा हिशेब.

सलमाने फुलस्केप कागद भरून आणला. मी वाचायला लागलो म्हणजे चुका टिपायला लागलो. वाचणं आणि चुका टिपणं ह्यांत फरक आहे, हे त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच दोन नियम शिकवले असते. पहिल्या चार ओळींत अकरा लाल खुणा झाल्या. मोटार, वायर, काउंट असे शब्द इकडेतिकडे दिसले. पुढचं वाचायचा कंटाळा आला, म्हणून मी कागदाच्या ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ मारली.

"अगं, मुलाखतीत हे असलं बोलतात का? दुकानातलं सामान कशाला मांडायचं त्यांच्यापुढं?"

ती हळू म्हणाली, "पण सर, हे खरं हाय."

"मुलाखतीला खरं नाही, बरोबर लागतं," मी म्हणालो. वाक्य मला इतकं आवडलं की मी ते बाकीच्या मुलींनाही ऐकवलं.

मग मी साचा वाटला. माय फादर इज अ फार्मर. ही वर्क्स डे अँड नाइट इन द स्कॉर्चिंग सन. माय मदर इज अ हाउसवाइफ. माय स्ट्रेंग्थ इज ऑनेस्टी. अशा पंधरा ओळी. सगळ्या मुली तिथेच पुटपुटायला लागल्या. सलमा कागद घेऊन पुन्हा माझ्यापुढे उभी राहिली.

"सर, अब्बा शेतकरी न्हाईत. आमाला जिमीनच न्हाय."

"एका ओळीनं काय होतंय गं? शेतकऱ्याची मुलगी म्हटलं की समोरची माणसं मऊ पडतात. आणि तुझे वडील कुणाच्या मोटारी भरतात? शेतकऱ्यांच्याच ना? मग झालं तर."

तिने मान डोलावली. दोन दिवसांनी तिचं पाठांतर घेतलं. पंधरा ओळी घडाघडा, एकही अडखळ नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आता कोण म्हणेल तुला मुकी?"

मुलाखती बारामतीत एका सभागृहात होत्या. आत तीन जणांची समिती, मधोमध पांढऱ्या केसांच्या एक बाई. दार सताड उघडं, कारण पंखे बंद पडले होते. बाहेर पडवीत आम्ही सगळे. बायका डबे घेऊन बसल्या होत्या, बापमाणसं उभी. मी आणि हसनभाई एका खिडकीशी होतो. ते ठेवणीतला सदरा घालून आले होते आणि नखांतलं काळं निघावं म्हणून त्यांनी हात घासून घासून लाल केले होते.

पहिली मुलगी आत गेली. माय फादर इज अ फार्मर. खणखणीत. मी छाती फुगवली. दुसरी गेली. माय फादर इज अ फार्मर. तिसरीच्या वेळेला समितीतल्या एका गृहस्थांनी चष्म्यावरून बाईंकडे बघितलं. पाचवीला तेच गृहस्थ तिच्याबरोबर ओठ हलवायला लागले. सहावीचा ऑनेस्टी आला तेव्हा आत तिघेही हसले. त्या क्षणी मला कळलं की मी काय करून ठेवलं आहे. सोळाही जणी एकाच समितीपुढे, एकाच दिवशी, एकामागून एक जाणार, आणि मी सगळ्यांना एकच आयुष्य दिलं होतं. एवढा साधा विचार सोळा मुलींच्या मास्तरला सुचला नाही, कारण बोर्डाच्या परीक्षेत प्रत्येक पेपर वेगळ्या गठ्ठ्यात जातो आणि माझी सगळी अक्कल त्या गठ्ठ्यांवर पोसलेली होती.

अजूनही वेळ होती. सलमाचा नंबर नववा. बाकावर बसलेल्या मुलींना मी चार पावलं जाऊन सांगू शकत होतो की पोरींनो, ते सोडा, जमेल तसं बोला. मी खिडकीचा गज धरून उभा राहिलो. गेलो असतो तर पडवीतल्या सगळ्या पालकांना कळलं असतं की मास्तरचं काहीतरी चुकलं आहे.

सलमा आत गेली. माय फादर इज अ फार्मर. आत कुणी हसलं नाही, एव्हाना ते हसायलाही कंटाळले होते. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं आणि विचारलं, शेती किती? पीक काय? सलमा गप्प. बाईंनी समोरचा फॉर्म उचलला. तो फॉर्म मीच भरून दिला होता, माझ्याच वळणदार अक्षरात, आणि वडिलांचा व्यवसाय ह्या रकान्यात मी स्वतः लिहिलं होतं, मोटार वाइंडिंग. बाईंनी तो रकाना वाचून दाखवला आणि विचारलं, ह्यातलं खोटं कुठलं? फॉर्म की तू?

बाईंनी फॉर्म खाली ठेवला.

"तुला असं बोलायला कुणी शिकवलं?" आता बाई मराठीत बोलत होत्या. आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं असं मला आज वाटतं.

"कुणी न्हाय, मॅडम. मीच."

सलमाने एकदाही खिडकीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी दिसलोच असतो, पाच हातांवर तर होतो. त्या एका शब्दाने तिने मला वाचवलं आणि मी वाचलो. दार उघडं होतं. आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं की बाई, हे माझं आहे, मुलीची चूक नाही, तिला तिचं बोलू द्या. मी गज धरूनच उभा राहिलो.

हसनभाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण फार्मर हा शब्द आमच्याकडे कुणाला कळत नाही? खताच्या पोत्यावरसुद्धा असतो. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, शेतकरी का म्हनली ती मला?"

मी म्हणालो, "इंग्रजीत तशी पद्धत असते, हसनभाई."

त्यांनी मान डोलावली. शिकलेला माणूस म्हणतोय म्हणजे असेल, अशी ती मान होती. गेली सात वर्षं मला झोपताना ती मान दिसते.

संध्याकाळी यादी लागली. माझ्या सोळांपैकी दोघी निवडल्या गेल्या होत्या. कोण दोघी? एकीला आत गेल्या गेल्या रडू कोसळलं होतं, साचा साफ विसरली होती आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने पहाटे डेअरीला दूध कसं घालते ते सांगितलं होतं. दुसरी तर सरळ मराठीत बोलली होती. म्हणजे माझं ऐकलं नाही त्या लागल्या आणि ऐकलं त्या राहिल्या. आणि मी काय केलं? त्या दोघींचे मोठे फोटो लावून चौकात फलक उभा केला, 'आमच्या क्लासचे घवघवीत यश'. फलकावर कोपऱ्यात माझाही फोटो होता.

चार दिवसांनी सलमा इंदापूरच्या क्लासवर आली. साच्याचा कागद तिने नीट घडी करून आणला होता. "सर, ह्यो ऱ्हायला हुता माज्याकडं. कुणाला तरी उपेगी पडंल." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हीच तर पंचाईत होती. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू, हं." शिष्यवृत्ती फक्त त्याच वर्षी पास झालेल्या मुलींसाठी होती. फॉर्म मीच भरलेला असल्यामुळे मला ते पक्कं ठाऊक होतं. तिलाही असावं. ती हो म्हणून गेली आणि पुन्हा क्लासला आली नाही.

ह्यानंतर मी साचे बंद केले असतील, असं वाचकांना वाटेल. नाही केले. फक्त वडिलांच्या व्यवसायाची जागा मोकळी ठेवायला लागलो आणि आपण मोठी सुधारणा केली असं समजून चाललो. अंथुर्णं आलं की मात्र मी मोटारसायकलचा वेग वाढवायचो आणि दुकानाच्या उलट्या बाजूच्या उसाकडे बघायचो. सात वर्षांत त्या बाजूला किती वेळा तोड झाली हे मी सांगू शकेन, पण दुकानाचा रंग सांगता येणार नाही.

अलीकडे पोरं शंका घेऊन यायची थांबली. मोबाईलला विचारतात, तो लगेच उत्तर देतो आणि हसतही नाही. माझा एकमेव नियम त्यालाही येतो. रविवारी सकाळी मी एकटाच बसायला लागलो, तेव्हा ठरवलं, पुरे आता. खोल्या रिकाम्या करताना माळ्यावर जुन्या कागदांची पोती निघाली. पोरांनी लिहून आणलेलं मी टाकत नसे. चुकांचे नमुने म्हणून शिकवायला बरे पडायचे. त्यात सलमाचा कागद सापडला. तिरकी रेघ तशीच. मी खाली जिन्यात बसलो आणि तो पहिल्यांदा वाचला.

इंग्रजी कच्चं होतं, पण कळत सगळं होतं. तिने लिहिलं होतं, माझे वडील मेलेल्या मोटारीत तांबं घालतात. बोअरची मोटार असली की तार हाताने ओवावी लागते. एका बाजूने ते ओढतात, दुसऱ्या बाजूने मी. वेढे मी मोजते. एक वेढा जरी चुकला तरी मोटार पुन्हा जळते आणि कुणाच्या तरी शेताचं पाणी थांबतं. मोजताना मी बोलत नाही. लोकांना वाटतं मी लाजते. मी लाजत नाही, मी मोजत असते. मोटार जळायच्या आधी माणसाला कळावं असं एक यंत्र मला बनवायचं आहे, म्हणून मला शिकायचं आहे.

सव्वीस वर्षांत माझ्या हाताखालून हजारो निबंध गेले. त्यांतला हा एक निबंध खरा होता आणि मी त्यावर रेघ मारली होती. त्या बाईंनी एवढं ऐकलं असतं तर त्यांनी तिला उचलून पुण्याला नेलं असतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की घरी बायकोलाही दोन दिवस काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी कागद पिशवीत घातला आणि अंथुर्ण्याची एसटी धरली.

दुकान निळ्या रंगाचं आहे. आत जमिनीवर मधोमध एक उघडी मोटार, एका बाजूला हसनभाई, दुसऱ्या बाजूला सलमा. हसनभाईंना आता कमी दिसतं, बोटंही थरथरतात, पण तार ओढायला तेच बसतात. मी पायरीवरून हाक मारली, "सलमा." तिने मान न वळवता पंजा वर केला. थांबा. ती मोजत होती. मी उन्हात उभा राहिलो. ह्या मुलीचं काम पुरं होईपर्यंत मी थांबलो, अशी ही पहिलीच वेळ. "चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न," म्हणून तिने तारेला गाठ मारली आणि मग वळून बघितलं.

"सर? या की, आत या. अब्बा, सर आलेत."

हसनभाई उठायला लागले. मी त्यांना बसवलं आणि खाली त्यांच्याशेजारी बसलो. चहा येईपर्यंत थांबलो असतो तर धीर सुटला असता, म्हणून बसल्या बसल्याच बोललो. "हसनभाई, मुलाखतीच्या दिवशी तुम्ही खिडकीत मला एक विचारलं होतं. शेतकरी का म्हणाली ती. मी म्हणालो, इंग्रजीत तशी पद्धत असते. ते खोटं होतं. तशी काही पद्धत नसते. ते वाक्य मी तिच्या तोंडी घातलं होतं. ती नको म्हणत होती."

हसनभाई हातातली तार बोटांनी सरळ करत राहिले. मग म्हणाले, "यस्टीत इचारलं हुतं मी तिला. म्हनली, अब्बा, चुकून तोंडातनं गेलं. मी काय समजलो म्हायताय का, सर? पोरीला बापाच्या काळ्या हाताची लाज वाटली. वाटली तर वाटली, म्हनलं, शिकल्याली हाय. सात वर्सं त्येच धरून बसलो हुतो बगा."

माझी समजूत होती की त्या दिवशी मी तिची शिष्यवृत्ती घालवली. ती घालवलीच. पण एका छपराखाली, एका तारेच्या दोन टोकांना बसलेल्या बाप-लेकीमध्ये मी सात वर्षं काय पेरून ठेवलं होतं, ह्याची मला कल्पनाच नव्हती. आणि पोरीने मला बापापुढेही उघडं पाडलं नव्हतं.

सलमा बापाकडे बघत होती. "अब्बा, मला एकदा म्हनायचं तरी."

"काय म्हनायचं, बाय?" हसनभाई म्हणाले.

मी तिला म्हणालो, "सलमा, माझं चुकलं. फार चुकलं."

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. क्लासात तिने असं कधी पाहिलं नव्हतं. "दार उघडंच हुतं, सर, त्या दिशी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. सात वर्षं सांभाळलेलं एक वाक्य तिने जिथलं तिथे ठेवलं, एवढंच.

मी पिशवीतून कागद काढून तिच्यापुढे धरला. "हा तुझा आहे. मी तो आत्ता कुठे वाचला."

तिने लाल रेघ बघितली, पण कागदाला हात लावला नाही. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. मला पाठ हाय."

"काय लिवलं हुतंस गं?" हसनभाईंनी विचारलं.

तिने ओढणीला हात पुसले आणि म्हणायला सुरुवात केली. माझ्याकडे नाही, बापाकडे बघून. "माय फादर पुट कॉपर इन डेड मोटर." एक ओळ इंग्रजीत म्हणायची आणि मग तीच मराठीत सांगायची, असं करत करत ती शेवटपर्यंत गेली. मी लाजत न्हाय, मी मोजत असती, इथे आल्यावर हसनभाईंनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला लागले. तो कितीतरी वेळ पुसतच राहिले.

ती थांबली. मग माझ्याकडे वळून, क्लासात वही पुढे करावी तशा आवाजात तिने विचारलं, "चुका किती झाल्या, सर?"

"मोजल्या नाहीत," मी म्हणालो.

हसनभाईंनी चष्मा चढवला आणि तारेचं टोक उचललं. सलमाने पंजा वर केला, आणि आम्ही दोघंही गप्प बसलो.